हिरव्या गाडीच्या कडा

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामतीवर राख पडू लागते. पडताना ती दिसत नाही. सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळावर दुपारी काळे ठिपके दिसतात, तुळशीच्या पानावर बोट फिरवले तर बोट काळे होते, आणि तेव्हा कळते की धुराडी पेटली. रविवारी सकाळी माझा मुलगा अंगणात गाडी धुतो. रबरी नळीने पाणी मारतो, कसलासा फेस करतो आणि पंधरा मिनिटांत मोकळा होतो. मी ओसरीवर बसून पाहते. त्याला वाटते, मी उन्हाला बसले आहे. "पुसायला मऊ फडकं देऊ का रे?" असे मी दर वेळी विचारते आणि "नको गं आई, वाळतंय आपोआप," असे तो दर वेळी म्हणतो. ते खरेच आपोआप वाळते. पत्र्यावर पांढरी वर्तुळे मागे ठेवून वाळते. माझा हात उगाच पदराच्या टोकाकडे जातो आणि मी तो आवरते. ज्याची गाडी त्याची रीत.

एकोणीसशे तीसच्या दशकातल्या त्या वर्षांत धुराडी इतकी नव्हती, पण राख होतीच. पाटाच्या पाण्यावर उसाचे मळे पिकत, मळ्यामळ्यांतून गुऱ्हाळे लागत, आणि रसाच्या कढईखाली दिवसरात्र चिपाडे जळत. त्या जळणाची हलकी, पापुद्र्यासारखी राख वाऱ्याबरोबर गावावर येई. मी मॅट्रिक होऊन पुण्याच्या वसतिगृहातून घरी परतले, तेव्हा आमच्या दारातल्या पत्र्याच्या छपराखाली एक मोटार उभी होती. कापडी टपाची, दुसऱ्या हाताची, इतकी गर्द हिरवी की सावलीत काळीच वाटावी. तिच्या अंगावरून, पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत, सायीच्या रंगाची एक बारीक रेघ हाताने ओढलेली होती. कुठेही न थरथरता ओढलेली. माझे वडील डॉक्टर होते. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. ती रेघ दाखवून ते म्हणाले होते, "ज्यानं ही ओढली असेल, त्यानं श्वास किती वेळ धरला असेल, बघ."

त्या हिवाळ्यात नानांची दृष्टी जात होती. हे मी आधीच सांगून टाकते. लपवून ठेवण्याचे दुःख मी एकदा भोगले आहे. ती जात होती कडांकडून. मधले सारे स्पष्ट होते: थर्मामीटरमधली रेघ, सेकंदाचा काटा, माझ्या पत्रातले चुकलेले ऱ्हस्वदीर्घ. बाजूचे जग मात्र, विशेषतः डावीकडचे, हळूहळू विझत होते. काचबिंदू हा शब्द मी पुढे ऐकला. तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की नाना दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब घालतात आणि कुणी विचारलेच तर "धुळीनं आग होते," असे म्हणतात. दर बुधवारी ते स्वतः मोटार चालवत इंदापूरला जात. वाटेतल्या गावांतले आजारी लोक रस्त्याच्या कडेला येऊन थांबत. कुणी घोंगडीवर निजलेले, कुणी सुनेच्या खांद्याला धरून उभे. डोळे गेले तर तो बुधवार जाणार होता, आणि बुधवार गेल्यावर नानांमध्ये नाना किती उरतील, याची मला पुढे भीती वाटू लागली.

पण मला आठवतात ते रविवार.

गाडी धुणे हे आमच्याकडे काम नव्हते, विधी होता, आणि त्याची सुरुवात आदल्या दिवशी होई. आमच्या परसातल्या विहिरीचे पाणी मचूळ. पाट आल्यापासून जमिनीतला खार वर चढला होता आणि ते पाणी रंगावर वाळले की पांढरे डाग पडत. म्हणून शनिवारी पाटाचे दोन हंडे पाणी येई. नाना त्यात तुरटीचा खडा फिरवत, वर धोतराचे फडके बांधत आणि रात्रभर ते निवळू देत. रविवारी उन्हे छपराशी येण्याच्या आत धुणे उरकायचे. राखेवर पहाटेचे दव पडले की तिच्यातला क्षार रंगात उतरतो, असे नाना सांगत. "कोरडी राख पाहुणी असते, सुमन. भिजली की ती बिऱ्हाड करते."

आईला हे पटत नसे. ती चुलीपाशी बसून सर्वांना ऐकू जाईल असे बोले. "माझी सगळी पितळ राखेनं लखलखते. यांच्या गाडीला तेवढी राख सोसत नाही. गाडी आहे की माहेरवाशीण?"

"माहेरवाशिणीला तरी कुठं राखेनं घासतेस?" नाना बाहेरून म्हणत.

"घासली असती. लेक आहे ना, पुण्याहून शिकून आलेली. अजून खरकटं तसंच ठेवते."

पहिले पाणी वरून सोडायचे, हात न लावता. "धूळ ओढायची नाही, वाहू द्यायची," हा पहिला नियम. ओढलेली धूळ रंगावर ओरखडे काढते. ते तेव्हा दिसत नाहीत, कलत्या उन्हात दिसतात. मग जुन्या, शंभरदा धुतलेल्या धोतराचा बोळा, तोही वरून खाली, कधी गोल नाही. मग हरणाच्या कातड्याचा मऊ तुकडा पिळून पाणी टिपायचे. तो तुकडा आईने कपड्यांच्या दोरीवर कधी येऊ दिला नाही. त्याला दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर वेगळा खिळा होता. आणि महिन्यातून एकदा मेण. बापूराव कंपाउंडर त्यांच्या गावाकडून मोहोळाचे मेण आणीत, नाना ते जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मलमाच्या बरणीत भरून ठेवीत. एकदा नाना बाहेर असताना बापूरावांनी एका बाईला टाचेच्या भेगांसाठी चुकून तेच मलम दिले. आठ दिवसांनी ती बाई परत आली.

"डाक्टर, त्या हिरव्या बरनीतलं औशद आजून द्या. लई गुन आला बगा. झोंबलं, पन भेगा बुजल्या."

नानांनी बापूरावांकडे पाहिले. बापूराव छताकडे पाहत म्हणाले, "मेन हाय, तेल हाय. मानसाला काय, मोटारीला काय, कातडं ते कातडंच की वो."

नाना त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मला ते हसू अजून ऐकू येते. त्यांचा आवाज मात्र आता नीट आठवत नाही, हे लिहिताना लक्षात आले.

धुताना आम्ही फारसे बोलत नसू. मी घरात कमीच बोलणारी, आणि नाना रोग्यांशी बोलून दमलेले. मी हंड्यातून तांब्या भरून द्यायचा, त्यांनी तो ओतायचा. कधी ते म्हणत, "गाडी धुणं म्हणजे रोगी तपासणं. आधी हात लावायचा नाही. आधी पाहायचं." पुण्याच्या शाळेत मी पुष्कळ गोष्टी शिकले, पण कुणाच्या शेजारी गप्प उभे राहण्यातले सुख मला त्या छपराखाली कळले. पुढच्या आयुष्यात माणसे भेटली, प्रेम करणारीही भेटली; तसे शेजारी उभे राहणे पुन्हा वाट्याला आले नाही.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट मला विचित्र वाटू लागली. नाना धुताना मान वळवत नसत. फोटो काढायला बसल्यासारखे सरळ उभे राहत, समोर पाहत, आणि समोर जेवढे दिसे तेवढेच पुसत. मला वाटले, मान धरली असेल. मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी, ते आंघोळीला गेल्यावर, मी रिकामे हंडे उचलायला वाकले आणि मला डाव्या मडगार्डच्या खालच्या कडेला राखेची पट्टी दिसली. बोटभर रुंद, लुगड्याच्या काठासारखी सलग. मी थबकले. पाण्याच्या एका वाळलेल्या थेंबासाठी परत ओला बोळा मागणारे नाना, आणि ही पट्टी! दुसऱ्या रविवारी ती दाराच्या तळाशी होती, बॉनेटच्या डाव्या टोकाशी होती.

एकदा दिसू लागले की मग सगळेच दिसते. पानाच्या डाव्या बाजूला ठेवलेले फुलपात्र नाना हाताच्या धक्क्याने सांडत. दवाखान्याच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा लागे. आणि एके दिवशी मी पाहिले की आईने काही न बोलता फुलपात्र उजव्या बाजूला मांडायला सुरुवात केली आहे. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघींनी वाढायला घेतले.

मी काय करायला हवे होते, ते आता मला कळते. पण तेव्हा, "नाना, तुम्हाला कडा दिसत नाहीत," हे वाक्य मनात कितीदाही जुळवले तरी ओठांवर येईना. वडिलांना त्यांच्या उणिवेची जाणीव करून देणे हे आमच्या घरच्या शिस्तीत कुठे बसतच नव्हते. त्याऐवजी मला जे जमण्यासारखे होते ते मी केले. नाना आंघोळीला गेले की मी ओला बोळा घेई आणि सगळ्या कडा पुसून काढी. वरून खाली, कधी गोल नाही. मडगार्डच्या आतल्या वळणाला हात पोचत नसे, तेव्हा मातीत गुडघे टेकून बसे. त्यांची आंघोळ उरकण्याच्या आत सारे कोरडे करून मी स्वयंपाकघरात परते.

मग नाना स्वच्छ धोतर नेसून येत आणि गाडीभोवती एक फेरी घालत. मडगार्डच्या कडेवरून, दाराच्या तळावरून बोटे फिरवत. बोटे उन्हात धरून पाहत. ती कोरडी आणि स्वच्छ असत. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे आणि दाराआडून मी ते पाही. मला वाटे, नाना चकाकीचे सुख घेत आहेत आणि त्यातला एक वाटा, त्यांच्या नकळत, माझा आहे. त्या पौषात नाना खरेच आनंदात होते. संक्रांतीला त्यांनी बापूरावांच्या तोंडात स्वतःच्या हाताने तिळगूळ घातला. पुण्याच्या कुणा डॉक्टरांना त्यांनी एक पत्र लिहिले, आणि नेहमीप्रमाणे ते पेटीत टाकायला मीच गेले. परतताना मी स्वतःवर खूश होते. एखादे फूल कुणाच्या उशाशी ठेवून निघून यावे, तसे मला वाटत होते.

माघातल्या एका बुधवारी नानांनी मला इंदापूरला बरोबर घेतले. तिथे एका बाळंतिणीला तपासायचे होते आणि सोबत बाईमाणूस असले की घरच्यांना बरे वाटे. दुपारचे जेवण करून आम्ही निघालो. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. ऊन पाठीमागे होते, रस्ता पांढरा, दोन्ही बाजूंना ऊस. लासुर्णे मागे पडले होते, तोच पुढे डावीकडच्या शेतवाटेतून उसाने भरलेली एक बैलगाडी रस्त्यावर येताना मला दिसली. अलीकडचा बैल पांढरा होता. आम्ही एका मोठ्या बाभळीपाशी होतो तेव्हा तो मला पहिल्यांदा दिसला. मग तो मोठा होत गेला. नानांनी वेग कमी केला नाही. मला वाटले, ते उजवीकडून काढणार आहेत. मला वाटले, नाना चालवत असताना आपण काय बोलायचे. बैलाने मान वर केली तेव्हा त्याच्या गळ्यातली घंटाही मला ऐकू आली, आणि तरीही मी गप्प होते.

"आवो थांबा! आवो, मोटार थांबवा की!"

नानांनी चाक फिरवले. बैलगाडीच्या चाकाच्या मधला, बाहेर आलेला लाकडी तुंबा आमच्या डाव्या अंगाला लागला आणि पुढच्या मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत खरवडत गेला. तो आवाज फार लांब होता. आम्ही थांबलो तेव्हा पांढरा बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला होता आणि उसाच्या मोळ्या रस्त्यावर घसरत होत्या. गाडीवान खाली उडी मारून धावला. कळंबचे खंडूआबा होते ते. त्यांच्या सुनेला नानांनी विषमज्वरातून उठवले होते.

"आबा, लागलं का कुणाला?" नाना उतरले.

"मला न्हाय. बैलाचा गुडगा फुटला बगा." मग त्यांनी नीट पाहिले. "तुमी व्हय? मला वाटलं, कुनी पुन्याचा नवशिक्या हाय."

"बैल मला दिसला नाही, आबा."

"दिसला न्हाय?" खंडूआबा खरोखर चकित झाले. "आवो, पांढरा फेक बैल हाय की ह्यो. चांदन्यात बी दिसंल. आन् तुमी दिसाउजेडी म्हनता दिसला न्हाय?"

नानांनी वळून बैलाकडे पाहिले. त्यांचा चेहरा पाहून म्हातारा एकदम नरमला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. ऊन आलं आसंल डोळ्यांवर. व्हतं आसं."

ऊन आमच्या पाठीला होते. ते त्या दोघांनाही ठाऊक होते.

नानांनी पेटी काढली, बैलाचा गुडघा धुतला, आयोडीन लावले. बैलाने पाय झटकला. "मानसाचं औशद जनावराला चालतंय व्हय?" खंडूआबांनी विचारले.

"चालतं."

"मंग ह्यो माजा गुडगा बी बगा की. धा वरसं झाली, ह्या बैलापरीस जास्त दुकतोय."

नाना हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. बैल उठून उभा राहिला, खंडूआबा मोळ्या रचायला गेले, आणि नाना गाडीच्या डाव्या बाजूला आले. हिरवा रंग सोलून निघाला होता, आत पत्रा चमकत होता, आणि ती सायीची रेघ जागोजागी तुटली होती. त्यांनी ओरखड्याला हात लावला नाही. वाकून ते मडगार्डच्या खालच्या कडेपाशी गेले आणि तिथे बोटे टेकून तसेच थांबले. रोगी तपासताना ते असेच थांबत.

"सुमन," ते म्हणाले, "रविवारी कडा कोण पुसतं?"

मी जमिनीकडे पाहिले. "मी."

"कधीपासून?"

"मार्गशीर्षापासून. तुम्ही आंघोळीला गेलात की."

"मार्गशीर्ष, पौष, माघ." त्यांनी बोटांवर मोजले. मग फूटबोर्डवर बसले आणि मलाही शेजारी बसायला सांगितले. शांतपणे, एखाद्या विद्यार्थ्याला समजावून द्यावे तसे, त्यांनी मला सांगितले. हा रोग कडांकडून येतो, पण कडा गेल्याचे माणसाला स्वतःला कळत नाही. मन रिकाम्या जागा आपणच भरून काढते. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावले होते की नजरेचा घेर कमी होऊ लागला तर ताबडतोब शस्त्रक्रिया करून घ्या; रोग थांबला असेल तर थेंबांवर भागेल. तो घेर मोजायचे यंत्र बारामतीत नव्हते. म्हणून त्यांनी गाडीचे यंत्र केले होते. मान न वळवता धुवायचे, दिसेल तेवढेच पुसायचे, आणि मग बोटांनी कडा तपासायच्या: किती राख राहिली, किती बोटे. "कार्तिकात अर्धं बोट होतं. मार्गशीर्षात एक झालं. मी बॅग भरायच्या तयारीत होतो. आणि मग एकदम कडा स्वच्छ. दर रविवारी स्वच्छ. मी पुण्याला लिहून टाकलं, रोग थांबला."

"ते पत्र..." मी म्हणाले.

"हो. तूच टाकलंस."

मला रडू आले नाही. रडायलाही थोडी हिंमत लागते. थोड्या वेळाने नानांनी विचारले, "आणि बैल? तो तुला दिसला होता?"

"हो."

"कुठपासून?"

"त्या बाभळीपासून."

नानांनी वळून बाभळीकडे पाहिले. बरेच लांब होती ती. "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसला असेल. आणि तुम्हाला कसं सांगायचं..."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात आयोडीनने पिवळा झाला होता. "आपलं घर फार सभ्य आहे, सुमन," ते म्हणाले.

एवढेच. त्या एका वाक्याखेरीज त्यांनी मला कधीही, काहीही म्हटले नाही. आठ दिवसांत आम्ही मुंबईला गेलो. शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याचे काही उरले नव्हते; उजव्याचे जे उरले होते तेवढे राहिले. "थोडं आधी आला असतात तर," असे तिथल्या डॉक्टरांनी म्हटलेले मी दाराबाहेरून ऐकले. नानांनी ते वाक्य घरी आणले नाही. ते मुंबईतच ठेवून आले, आणि मी मात्र ते बरोबर घेऊन आले. त्यानंतर नानांनी मोटार चालवली नाही. एक ड्रायव्हर ठेवला, आणि बुधवार चालू राहिला. ओरखडा त्यांनी रंगवू दिला नाही. गंज चढू नये म्हणून त्यात फक्त मेण भरले. रविवारही चालू राहिले. नाना सरळ मानेने उभे राहून धूत, आणि धुऊन झाले की विचारत, "किती?" मी वाकून, राखेच्या पट्टीवर बोटे ठेवून सांगे, "अडीच बोटं, नाना." पुढच्या रविवारी, "अडीचच." त्या अडीच बोटांवर आम्ही कितीतरी वर्षे काढली. खरे सांगण्यात इतका आनंद असतो, हे मला कुणी शाळेत शिकवले नव्हते.

पण हंगाम लागला आणि राख पडू लागली की माझे मन त्या रविवारांपाशीही थांबत नाही. ते त्या माघातल्या दुपारकडे जाते, लासुर्ण्यापलीकडच्या त्या रस्त्यावर. खंडूआबा म्हणाले होते, "मोळ्या उतरवतो, दोरानं बांधून वढत न्हेतो मोटार. पन डाक्टर, तुमी चालवू नगा." इंदापूरला जाणाऱ्या एका वाटसरूबरोबर नानांनी बाळंतिणीच्या घरी निरोप धाडला. गाडीचे तोंड बारामतीकडे वळवले. आता ऊन समोरून येत होते.

"आबा, ही आहे माझ्याबरोबर," नाना म्हणाले. मग मला म्हणाले, "आता तू पाहायचंस आणि मी चालवायचं. जे दिसेल ते सांगायचं. मला दिसलं असेल की नसेल, याचा विचार करायचा नाही."

गाडी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने निघाली. खंडूआबा कितीतरी वेळ मागे उभे होते.

"डावीकडे म्हैस," मी म्हणाले.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं."

"डावीकडे म्हैस आहे!"

वैरणीचा भारा घेतलेल्या दोन बायका रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. त्या थांबून हसल्या. "बया! डाक्टरची लेक म्हशीला वरडतीया!" माझे कान तापले. पण नानांनी गाडी उजवीकडे घेतली होती आणि म्हैस मागे राहिली होती. मग मी थांबले नाही. डावीकडे विहिरीचा कठडा. डावीकडे कुत्रं, आता पळालं. समोर दोन गाड्या, एकामागून एक. नाना, थांबा. हं, चला. गुऱ्हाळाचा धूर आडवा आला आहे, त्याच्या आत कुणी नाही. डावीकडे कुणीतरी हात करतं आहे. रोगी नाही, नुसतंच हात करतं आहे. माझा आवाज मला ओळखू येईना. तो मोठा होता, आणि तो कापत नव्हता. घरात ज्यांच्यासमोर मी कधी दोन वाक्ये सलग बोलले नव्हते, त्यांना मी वळायला, थांबायला, जायला सांगत होते, आणि ते माझे प्रत्येक वाक्य ऐकत होते.

पुढे पाटाच्या कडेचा सरळ रस्ता लागला. तिथे कुणीच नव्हते. मी दोन्ही बाजूंना पाहिले, म्हटले, "रस्ता मोकळा आहे, नाना," आणि गप्प झाले.

"थांबलीस का?" नानांनी विचारले.

"सांगण्यासारखं काही नाही."

"असू दे," ते म्हणाले. त्यांची मान सरळ होती, डोळे समोरच्या उन्हात बारीक झालेले होते. "तरी सांग."

मी पदराने तोंड पुसले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले. "डावीकडे ऊस तोडलेला आहे," मी सांगितले. "त्याच्यापुढचा अजून उभा आहे. त्याला तुरे आले आहेत. तुऱ्यांवर ऊन आहे, नाना, आणि ते सगळे एकाच बाजूला वाकले आहेत."